आभाळातला दगड मोजायला हरसूलला

हरसूलला मी आधी तीनदा गेले होते, तिन्ही वेळा फुलं तोडायला माणसं आणायला. चौथ्यांदा गेले ती आभाळातला दगड मोजायला. हसू आलं तर हसून घ्या. मीही आधी हसलेच होते.

आमचा मळा मखमलाबादला. झेंडू, शेवंती, मधल्या जागेत मेथी-कोथिंबीर. माझी नात वैशाली, म्हणजे वैशू, कॉलेजात शिकते आणि रात्री गच्चीवर कॉलेजची दुर्बीण लावून बसते. मी तिसरीत शाळा सोडली, म्हणून तिने मला सांगितलं त्याच भाषेत तुम्हाला सांगते. आभाळात दगड फिरतात. काही घराएवढे, काही डोंगराएवढे. बरेचसे लांब असतात, काही पृथ्वीच्या शेजारून जातात. शेजारून जाणारा उद्या अंगावर येईल का, हे कळायला त्याची वाट कळावी लागते. आणि वाट कळायला, अमुक वेळेला तो नेमका कुठे होता हे कोणीतरी नीट मोजून सांगावं लागतं. जगभरची अशी मापं एका कचेरीत गोळा होतात. पाठवणारे सगळे मोठे पंडित नसतात, गच्चीवरचे हौशीही चालतात. फक्त माप बरोबर पाहिजे.

वैशूचं बरोबर येत नव्हतं. दोनदा तिची मापं परत आली. त्यात मजा अशी, की लांबच्या दगडांची त्यांनी ठेवून घेतली आणि जवळच्यांची तेवढी नाकारली. तिच्या सरांनी सांगून टाकलं, “आता परत आली तर दुर्बीण कपाटात. मग तू परीक्षा दे आणि मोकळी हो.” त्या दिवशी ती नीट जेवली नाही.

त्यातच पंधरा दिवसांपूर्वी कोणालातरी एक नवा दगड सापडला होता. चार-पाच रात्री आपल्या बाजूने दिसणार, मग इतका पुसट होणार की कॉलेजच्या दुर्बिणीला सापडायचा नाही. वैशूचं म्हणणं, नाशिकच्या उजेडामुळेच मापं बिघडतात, अंधारात गेलं पाहिजे. माझ्या लेकाने, दिलीपने, हात वर केले.

“एकटी नाय जायची. आई, तू जा तिच्यासंगं.”

“मला त्यातलं काय कळतंय?”

“कळायचंय कशाला? तू नुसती बसून राहा.”

नुसतं बसायला मी जन्मात शिकले नाही, पण गेले.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. दिलीप पहाटे बाजारात फुलं टाकून आला आणि त्याच टेम्पोत मागे रिकाम्या क्रेटांच्या मधे दुर्बीण ठेवली. तिला माझ्या दोन गोधड्या गुंडाळल्या. वैशूने वर तिसरी मागितली. मी म्हटलं, “मग मी काय पांघरू, ती दुर्बीण?” नऊला निघालो. त्र्यंबकपर्यंत रस्ता चांगला. त्र्यंबकला चहा घ्या, पण देवळाजवळ घेऊ नका. गावाबाहेर पडताना हातगाडी लागते तिथे घ्या, तिथे चहात चहा असतो. पुढे घाट सुरू होतो आणि रस्ता अरुंद होतो. खड्डा आला की वैशू मागे वळून दुर्बिणीकडे बघायची, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. एसटीनेही जाता येतं, नाशिकहून हरसूलची गाडी असते, पण दुर्बीण घेऊन जाणार असाल तर कंडक्टरशी भांडायची तयारी ठेवा.

हरसूलच्या बाहेर, चढावर, सोमीबाईचं घर. सोमी आणि तिचा नवरा लक्ष्मण दरवर्षी दसऱ्याच्या आधी आमच्याकडे झेंडू तोडायला येतात. घरामागे मोकळा माळ आहे, झाड नाही, खांब नाही. दुर्बीण उतरवताना सोमीने विचारलं, “मावशी, हे काय आणलंय? फवारणीचं मशीन हाय का?”

“दगड मोजायचं मशीन हाय.”

“दगड? मग लांब कशाला जाता?” ती माळाकडे हात करून म्हणाली. “हे घ्या की. हवे तेवढे मोजा.”

दिलीप टेम्पो घेऊन परत गेला आणि आम्ही राहिलो. जेवायला नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाचं वरण, लाल मिरचीचा ठेचा. नाशिकात नागलीची भाकरी मागवाल तर ताट भरून कौतुक येतं आणि भाकरी थंड येते. इथे चुलीवरून थेट हातात.

सात वाजता भारनियमन सुरू झालं. शहरात दिवे गेले की माणसं शिव्या देतात. वैशूने टाळी वाजवली. टेम्पोची जुनी बॅटरी आणली होती, त्यावर तिचा कॉम्प्युटर आणि कॅमेरा चालणार होते.

बाहेर येऊन मी वर बघितलं आणि गप्प झाले. मला गप्प झालेलं घरात फार जणांनी बघितलेलं नाही. मखमलाबादला मला एका ओळीतल्या तीन चांदण्यांचं तिकांडं ओळखता येतं, सप्तर्षीतलं बाजलं ओळखता येतं. इथे एवढ्या चांदण्या होत्या की ओळखीची एक सापडेना. म्हणजे त्या सगळ्या आमच्या मळ्यावर पण होत्या. मी साठ वर्षं त्यांच्या खालून ये-जा केली आणि मला पत्ता नाही.

“वैशे, ह्यात तुझा दगड कुठला?”

“नुसत्या डोळ्याने दिसत नाही, आजी. थांब.”

आधी तिने नवा दगड धरलाच नाही. ओळखीचा धरला, ज्याची वाट कचेरीला पक्की ठाऊक आहे असा. आपलं माप त्या वाटेवर बसतं का हे आधी बघायचं, बसलं तरच नव्याला हात लावायचा. हे मला पटलं. नवा तराजू आणला की आधी ओळखीचं वजन टाकून बघतात, तसंच.

कॅमेऱ्याचा डोळा एक मिनिट उघडा ठेवायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. असे पाच फोटो. कॅमेरा जुना, सेकंडहँड, वेळ आपोआप लिहीत नाही. म्हणून वैशूने कॉलेजातून मागून आणलेल्या यंत्रावर घड्याळ लावलं होतं. ते यंत्र उपग्रहाकडून वेळ घेतं म्हणे. त्या घड्याळात बघून ती वहीत वेळ लिहायची. मग तिने पाचही फोटो एकामागोमाग पडद्यावर लावले. शेकडो ठिपके जागच्या जागी आणि त्यांच्यातून एकच बारीकसा ठिपका सरकत होता. एक पाऊल, दुसरं पाऊल. इतकी वर्षं तो तिथे चालत होता आणि कोणाला विचारून चालत नव्हता.

“किती बारीक मोजायचं असतं?” मी विचारलं.

“रुपयाचं नाणं घे. ते रामकुंडावर कोणीतरी धरलंय आणि आपण मळ्यातून बघतोय. पाच किलोमीटरवरून ते नाणं जेवढं दिसेल, तेवढ्यापर्यंत चूक चालते. त्याच्या आत आलं तर अजून चांगलं.”

“रामकुंडावर उभा असलेला माणूस दिसत नाय मळ्यातून. नाणं?”

“तेच तर.”

मी त्या नळीकडे बघत राहिले. पत्र्याचा डबा, काचेचा तुकडा आणि ही काल-परवापर्यंत शेंबूड पुसायला माझ्याकडे येणारी पोरगी. त्यांनी मिळून एवढं मोजायचं.

तासाभराने तिने आकडे जुळवले आणि कॉम्प्युटर मिटून ठेवला.

“काय झालं?”

“चार नाणी चुकलंय. उजेड नाही, धूर नाही, वारा नाही. तरी तेच. माझ्याच्याने होत नाही, आजी. सरांचं बरोबर आहे.”

रडणाऱ्याला मी जवळ घेत नाही, त्याने रडणं वाढतं. मी विचारलं, “पाचही फोटोत चार?”

“हो. जवळजवळ.”

“कुठल्या अंगाला? कधी पुढं, कधी मागं?”

तिने परत उघडून बघितलं. “पुढे. पाचही पुढे. तो जिकडे चाललाय तिकडे.”

“मग ही चूक नाय, बाई. सवय हाय. चूक कधी इकडं जाते, कधी तिकडं. सवय एकाच अंगाला जाते.”

हे मी शहाणपण दाखवायला म्हटलं नव्हतं. फुलं तोडणाऱ्या बायका मी आयुष्यभर बघितल्यात. एखादीच्या पाटीत कधी कमी, कधी जास्त भरतं, ती गडबडलेली असते. एखादीच्या पाटीत रोज कमीच भरतं, तिचा हात तसा असतो. वैशूने वहीत ‘पाचही पुढे’ असं लिहून ठेवलं. मग थंडी वाढली आणि आम्ही झोपलो. सांगून ठेवते, फेब्रुवारीतही हरसूलला कानटोपी लागते, आणि दोन मोजे एकावर एक.

दुसऱ्या दिवशी गावात बाजार होता. माळावरून उतरून वीस मिनिटं चालत. नागली, उडीद, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या. मी एक टोपली घेतली. विकणारीने चाळीस सांगितले, मी पंचवीस म्हटलं. ती म्हणाली, “मग निम्मीच विणून देऊ का?” मला ती आवडली, पस्तीस दिले. आमच्या नाशिकच्या बाजारात असली जीभ आता कमी झालीय. वैशू मात्र वही छातीशी धरून चालत होती. ना भजी खाल्ली, ना काही बघितलं. त्या नव्या दगडाची ही शेवटची रात्र होती. उद्यापासून तो ह्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर.

दुपारी माळावर परत आल्यावर मी म्हटलं, “मला एकदा सगळं करून दाखव. पहिल्यापासून.”

“दिवसा काय दाखवू? दगड कुठून आणू?”

“मी होते दगड.”

सोमी भांडी घासायची थांबून उंबऱ्यात येऊन बसली. मी माळाच्या एका टोकाला, एका मोठ्या धोंड्यापाशी उभी राहिले. पलीकडे एक वाळकं झुडूप होतं आणि त्याच्याही तेवढंच पलीकडे लक्ष्मणचा बैल बांधलेला.

“उघड तुझा डोळा,” मी ओरडले आणि चालू लागले. माझ्या चालीने एका मिनिटात झुडूप मागे टाकून मी बैलाजवळ पोचले. वैशू ओरडली, “मिटला!”

“मावशी, आभाळातला दगड एवढा हळू चालत असंल तर पडायचा हो खाली,” सोमी म्हणाली.

“तू गप. वैशे, आता सांग, तुझ्या फोटोत मी कशी आले?”

“बारीकशी रेघ. धोंड्यापासून बैलापर्यंत.”

“आणि मोजतेस कुठं?”

“रेघेच्या मध्यावर. त्या झुडपाशी.”

“झुडपाशी मी कधी होते?”

“अर्ध्या मिनिटाला.”

“वहीत काय लिहिलंस?”

तिने वहीकडे बघितलं. वहीत वेळ होती ती मी धोंड्यापाशी असतानाची, डोळा उघडला तेव्हाची.

“पुस्तकात लिहिलंय, आजी,” ती हळू म्हणाली. “मधली वेळ लिहा म्हणून स्पष्ट लिहिलंय. मी दोनदा वाचलंय.”

“मग?”

“हाताने लिहिलं गं. हात आपला लिहीत गेला.”

आणि तो हात कोणी लावला होता, ते मला तिथे उभ्या-उभ्या कळलं. आमच्याकडे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या असतात. प्रत्येकाला ठरलेले तास. वैशू नऊ वर्षांची असल्यापासून मी तिला चारीवर, मळ्यात पाणी आणणाऱ्या चराच्या दाराशी, वही आणि घड्याळ घेऊन बसवायची. एकच गोष्ट शिकवली होती, दार उघडलं की वेळ लिही. पाणी वाफ्यात कधी पोचलं ते लिहायचं नाही, त्यावर भांडणं होतात, शेजारी म्हणतो आत्ता पोचलं, आपण म्हणतो मघाशीच. दार कधी उघडलं ते सगळ्यांनी बघितलेलं असतं. चुकून दुसरी वेळ लिहिली की मी पाठीत एक द्यायची. दहा वर्षं तिने तेच लिहिलं. पाण्याच्या पाळीत ते बरोबर होतं. आभाळात त्याने दगड चार नाणी पुढे सरकवला.

“खोट माझी हाय,” मी म्हटलं.

“तुझी कशी? मी वाचलं होतं ना.”

“वाचलेलं पाठीत बसत नाय. मी दिलेलं बसलं.”

ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग तिथेच मातीत बसून तिने रात्रीच्या पाचही वेळांत अर्धं अर्धं मिनिट घातलं आणि आकडे पुन्हा जुळवले. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. आकडे मला वाचता येतात. चार नाण्यांची चूक गेली. उरलं ते अर्ध्या नाण्याच्याही आत, आणि तेही कधी पुढे, कधी मागे.

मी खाली बसले. दुर्बिणीला कोणी हात लावला नव्हता. दगड आपल्या वाटेने पुढे निघून गेला होता. वहीतले तीस सेकंद सरकवले आणि लाखो कोसांवरचा दगड बरोबर आपल्या जागेवर जाऊन बसला. म्हणजे तो आधीपासून जागेवरच होता. आम्हीच नव्हतो. देवळात मी फार जात नाही आणि गेले तरी माझं लक्ष चपलांवर असतं. पण त्या माळावर मला एकदम लहान वाटलं, आणि त्यात वाईट काही वाटलं नाही.

लांबच्या दगडांची मापं का घेतली तेही सुटलं. लांबचे इतके सावकाश सरकतात की अर्ध्या मिनिटाने त्यांना फरक पडत नाही. जवळचे पळतात.

आता फक्त नवा दगड राहिला होता, आणि संध्याकाळी वारा पडला तसा खालून धूर वर आला. भातासाठी जमीन भाजतात त्याला इकडे राब म्हणतात, पालापाचोळा पसरून पेटवतात. लक्ष्मणच्या चुलत्याने त्याच दिवशी पेटवला होता. वैशूचा चेहरा परत पडला. मी चप्पल घातली आणि खाली गेले.

“दादा, हा आजच भाजायचा होता का?”

“मग कधी? पाला वाळलाय. तुमचं काय अडलंय?”

“वरच्या दगडाचं अडलंय. तो उद्या दिसायचा नाय. तुमचा पाला उद्या पण दिसंल.”

म्हाताऱ्याने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. “दगड कोणावर पडणार हाय?”

“तेच बघायचंय. तुमच्यावर पडला तर सांगायला येईन.”

तो खो-खो हसला. एक ढीग पेटून गेला होता, तो पुरा जळू दिला. बाकीचे दोन राहू दिले आणि निखाऱ्यांवर माती ओढली. आठपर्यंत वर बरंच मोकळं झालं.

नवा दगड फार पुसट होता. पडद्यावर मला तो दिसेचना, वैशूने बोट ठेवल्यावर दिसला. जणू पडद्यावर धूळ बसलीय. या वेळी डोळा उघडताना मी मोठ्याने वेळ सांगायची, मिटताना सांगायची, आणि वैशू मधली लिहायची. सहा फोटो झाले. पाचव्याच्या वेळी रस्त्यावरून जीप गेली आणि उजेड आला, तो तिने टाकून दिला. मी म्हटलं, “बरा दिसतोय की.” ती म्हणाली, “दिसतोय, पण खात्री नाही.” पोरगी तयार झाली होती.

“ह्या वेळेला आणखी कोण बघतंय ह्याच्याकडं?” मी विचारलं.

“माहीत नाही. अर्ध्या जगात आत्ता दिवस आहे. उरलेल्यात कुठे ढग असतील. असतील थोडेजण.”

त्या थोड्यांत एक हरसूलचा माळ होता.

तिसऱ्या दिवशी दिलीप आला. घाटात वैशू पूर्ण वेळ झोपली आणि खड्ड्यांत दुर्बिणीकडे मीच मागे वळून बघत होते. मळ्यावर जायच्या आधी तिने टेम्पो पंचवटीत थांबवला आणि सायबर कॅफेत जाऊन मापं पाठवली. तासाला वीस रुपये घेतात, पंखा बंद असतो. दोन दिवसांनी उत्तर आलं. पाचही फोटोंची मापं त्यांनी ठेवून घेतली होती. सरांना दाखवलं. ते म्हणाले, “दुर्बीण तुझ्याकडेच राहू दे, फक्त झाकण लावत जा.”

तो दगड आपल्यावर पडणार नाही असं कचेरीने नंतर कळवलं, एवढ्यात तरी नाही. मी वैशूला सरळ विचारलं, आपली मापं नसती तर काय झालं असतं? तिने विचार करून सांगितलं, “फारसं काही नाही, आजी. दुसऱ्यांची होती. पण आपण चुकीची पाठवली असती आणि त्यांनी धरली असती, तर वाट थोडी बिघडली असती.” खोटं बोलून मला खूश केलं नाही, हे मला आवडलं.

हरसूलला जाणार असाल तर बाजाराचा दिवस धरून जा, गरम कपडे न्या, आणि रात्री एकदा तरी घराबाहेर उभे राहा. दुर्बीण नसली तरी चालेल.

आता रोज संध्याकाळी वैशू परत आलेल्या मापांच्या जुन्या वह्या काढते. मी वेळ वाचते, ती त्यात अर्धं मिनिट घालते आणि पुन्हा जुळवते. ते दगड केव्हाच निघून गेलेत, कोणाच्या दुर्बिणीत नाहीत. काल दिलीप ताटावरून म्हणाला, “गेलेल्या दगडांची मापं आता नीट करून कोणाला दाखवायचीत?”

“फेरी मारून परत येतात ते,” मी म्हटलं. “तू जेव. वैशे, पुढची वेळ वाचू का?”